दहा सेकंदांत दिसणारी पकड

जखमेचा स्वॅब आदल्या दिवशी लावलेला असतो. सकाळी इन्क्युबेटरमधून ब्लड अगारच्या प्लेट्स काढल्या की काहींवर पिवळसर, गुळगुळीत, फुगीर कॉलनी दिसतात. ग्राम स्टेनमध्ये जांभळ्या गोलांचे घोस, कॅटलेजला फेस. म्हणजे स्टॅफायलोकोकस. पण कोणता? कातडीवर एरवी निमूट राहणारा, की गळवापासून हृदयाच्या झडपेपर्यंत कुठेही ठाण मांडणारा ऑरियस? हे ठरवायला आम्हाला एक काचपट्टी, थोडे सलाइन आणि लूपभर प्लाझ्मा पुरतो.

काचपट्टीच्या दोन टोकांना सलाइनचा एकेक थेंब टाकायचा. दोन्हींत कॉलनी घोटायची, पांढुरके एकजीव पाणी होईपर्यंत. घोटण्यात कंजुषी केली तर निकालही अर्धवट मिळतो. प्लाझ्मा न घालताच कण पडू लागले तर चाचणी बाद. नाही पडले, तर एका थेंबात प्लाझ्मा मिसळायचा आणि पट्टी हलकेच तिरकी करत दहा सेकंद बघत राहायचे. ऑरियस असेल तर ते पांढुरके पाणी डोळ्यांदेखत फाटते, ठळक कण वेगळे होतात. शेजारचा थेंब तसाच राहतो.

नवे विद्यार्थी म्हणतात, “मॅडम, प्लाझ्मा गोठला.” गोठत काहीच नाही. प्लाझ्मात फायब्रिनोजेन असते, निरोगी माणसाच्या डेसीलिटरभर प्लाझ्मात साधारण 200 ते 400 मिलिग्रॅम. जिवाणूच्या अंगावरचे क्लंपिंग फॅक्टर नावाचे प्रथिन त्याचे टोक धरते. फायब्रिनोजेनचा रेणू दोन सारख्या अर्ध्यांचा, म्हणून धरण्याजोगी टोकेही दोन. एका टोकाला एक जिवाणू, दुसऱ्याला दुसरा, असे करत त्यांचे पुंजके होतात. विशेष म्हणजे प्लेटलेटही नेमके हेच टोक पकडतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी शरीराने ठेवलेली जागाच या जिवाणूने हेरली आहे.

कातडीला चीर पडली की खालची संयोजी ऊती उघडी पडते. तिथे कोलाजेनचे तंतू असतात, फायब्रोनेक्टिन असते आणि वर रक्तातले फायब्रिनोजेन येऊन साचते. जखम भरण्याचे काम यांच्याच आधाराने चालते. ऑरियसकडे या तिघांसाठी वेगवेगळी प्रथिने आहेत. कोलाजेन धरणारे मात्र त्याच्या सगळ्या वाणांत नसते. तो फायब्रोनेक्टिनला चिकटतो हे फिनलंडच्या पेंटी कुसेला यांनी 1978 मध्ये दाखवले. पेशींच्या पृष्ठभागावरची इंटेग्रिन्सही फायब्रोनेक्टिनलाच धरून असतात. त्यामुळे त्याला लटकलेला जिवाणू पेशीच्या आतही ओढला जाऊ शकतो, आणि आत बसलेल्यापर्यंत बरीच अँटिबायोटिक्स नीट पोचत नाहीत.

पकड बसते कशी, हे ऑरियसचा भाऊबंद असलेल्या एपिडर्मिडिसच्या एका प्रथिनाने 2003 मध्ये उघड केले. या प्रथिनाच्या दोन भागांमध्ये खाच असते. फायब्रिनोजेनचे टोक तिच्यात शिरले की प्रथिनाचाच एक धागा त्यावरून पलीकडच्या भागात जाऊन बसतो, दाराला आतून अडसर घालावा तसा. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांनुसार ही एक जोडी तोडायला दोन नॅनोन्यूटनहून जास्त बल लागते. प्रथिनांच्या नेहमीच्या जोड्या याच्या दशांशानेही सुटतात.

आमच्या चाचणीला मर्यादा आहेत. ल्युग्डुनेन्सिस नावाचा दुसरा स्टॅफायलोकोकस काचपट्टीवर तसेच कण दाखवू शकतो, आणि काही ऑरियस दाखवत नाहीत. म्हणून शंका असली की सशाच्या प्लाझ्माची नळी 37 अंशांवर चार तास ठेवून बघतो. तिथे मात्र खरोखर गोठते.

ही पकड सोडवणारी लस हवी, असे पुष्कळांना वाटते. मला त्यात फारशी आशा दिसत नाही. मणक्याच्या शस्त्रक्रियेआधी देऊन पाहिलेल्या फायझरच्या लशीची चाचणी 2018 मध्ये उपयोग दिसेना म्हणून थांबवली. तिच्या चार घटकांत क्लंपिंग फॅक्टर होता, पण चिकटण्याच्या प्रथिनांपैकी तो एकटाच. एक हात धरला तरी बाकीचे मोकळेच.

शिरेत घातलेल्या प्लॅस्टिकच्या नळीवरही फायब्रिनोजेन आणि फायब्रोनेक्टिन लवकरच साचतात, आणि जिवाणूला धरायला जागा मिळते. तुमचे माणूस ॲडमिट असेल तर नळीच्या जागेला उगाच हात लावू नका. आणि राउंडला आलेल्या डॉक्टरांना रोज विचारा: ही नळी आजही लागणार आहे का?