सहाशेची गोधडी, निधीत किती?

गेल्या वर्षीची गोष्ट. आपल्या संस्थेच्या महिला मंडळाने शिवलेल्या गोधड्या विद्यार्थी साहाय्य निधीसाठी ऑनलाइन विकायचे ठरले. मी बँकेत कारकून, म्हणून हिशोब माझ्याकडे आला. दहा गोधड्यांच्या ऑर्डरी आल्या तेव्हा मी सभेत उत्साहाने सांगून टाकले, "सहा हजार जमले!" त्या भरवशावर एका विद्यार्थिनीला वसतिगृहाच्या फीचे आश्वासनही दिले गेले. खात्यात मात्र पुष्कळच कमी रक्कम आली. मंडळातील एका मावशींनी विचारले, "भाऊ, गोधडी सहाशेला गेली ना? मग बाकीचे पैसे कुठं गेले?" त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देत आहे.

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. प्रत्येक संकेतस्थळाचे दर निराळे असतात व बदलतातही.

विक्रीची किंमत: ६०० रु.
कमिशन (१० टक्के धरून): ६० रु.
प्रत्येक ऑर्डरमागे ठराविक शुल्क: २० रु.
पाठवणी: १०० रु.
या १८० रुपयांवर १८ टक्के जीएसटी: ३२.४० रु.
वेष्टन: २० रु.
दोरा व अस्तर: ४० रु.
उरले: ३२७.६० रु.

साड्या दानात मिळाल्या, शिलाईची मजुरी कोणी घेतली नाही, तरी ही अवस्था! जीएसटीची नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला ते ३२.४० रुपये करात वळते करून घेता येतात. आपली नोंदणी नसल्याने तो आपल्याला खर्चच आहे.

आता दहापैकी एक गोधडी परत आली असे धरा. कमिशन व शुल्क माफ झाले तरी जाण्यायेण्याचे २०० रुपये, त्यावरील कर ३६ आणि वेष्टनाचे २० असे २५६ रुपये अंगावर पडतात. नऊ गोधड्यांचे २,९४८.४० रुपये, त्यातून हे वजा केले की राहतात २,६९२.४० रुपये. सभेत सांगितलेल्या सहा हजारांच्या निम्मेही नाहीत.

यात आपल्या हातात काय आहे? पहिली गोष्ट पाठवणीची. पुष्कळ कुरिअर कंपन्या पार्सलचे नुसते वजन पाहत नाहीत. लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा जास्त असेल तर त्यावर आकार घेतात. दोन किलोची गोधडी ५० × ४० × २० च्या खोक्यात घातली तर ती ८ किलोची ठरते. तीच दाबून, घट्ट बांधून ४० × ३० × १० मध्ये बसवली तर २.४ किलोची!

दुसरी गोष्ट थेट विक्रीची. १ जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे स्वीकारताना विक्रेत्याकडून व्यवहार शुल्क घेतले जात नाही. ओळखीतल्यांना फोटो पाठवून, टपालखर्च निराळा सांगून विकले तर कमिशन वाचते. मात्र क्यूआर कोड संस्थेच्याच खात्याचा हवा. कार्यकर्त्याच्या खाजगी खात्यात आलेला पैसा कितीही प्रामाणिकपणे पुढे पाठवला, तरी संशयाला जागा राहते. हे मी बँकेच्या खिडकीमागून अनेकदा पाहिले आहे.

कायद्याच्याही दोन-तीन बाबी सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून, वार्षिक उलाढाल मर्यादेत असेल (महाराष्ट्रात वस्तूंसाठी ४० लाख रुपये) तर जीएसटी नोंदणीशिवाय, केवळ नावनोंदणी क्रमांक घेऊन, संकेतस्थळामार्फत आपल्याच राज्यात माल विकता येतो. संकेतस्थळ विक्रीवर आयकर कापते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो दर ०.१ टक्का आहे, म्हणजे सहाशेवर साठ पैसे. पॅन दिला नाही तर मात्र ५ टक्के कापले जातात. हा कर विवरणपत्र भरून परत मागता येतो, म्हणून तो वर खर्चात धरलेला नाही.

आणखी एक. गोधडी घेणाऱ्याने किंमत देऊन वस्तू घेतली. ते दान नव्हे. म्हणून त्याला आयकर सवलतीची पावती देऊ नये. त्याने वर शंभर रुपये निधीला दिले, तर त्या शंभराचीच दानपावती द्यावी.

मग ऑनलाइन विकूच नये काय? तसे नाही. जिथे आपली ओळख नाही तिथला ग्राहक त्याच वाटेने येतो. पण किंमत ठरवण्याआधी वरचा हिशोब मांडावा. सहाशे परवडत नसतील तर साडेसातशे सांगावेत, आणि माल परत घेण्याची मुदत संपेपर्यंत कोणाला शब्द देऊ नये.

त्या विद्यार्थिनीच्या फीची तूट अखेर सभासदांनी वर्गणी काढून भरली. तिचे वर्ष वाया गेले नाही, पण माझ्या घाईपायी तिला महिनाभर चिंतेत राहावे लागले, हे मी विसरलेलो नाही. यंदापासून विहाराच्या फलकावर विक्री, खर्च आणि निधी असे तीन रकाने लिहिले जातील. ते काम वाणिज्य शाखेच्या आपल्या विद्यार्थ्यांनी घ्यावे, अशी विनंती आहे. आणि मावशींनी पुन्हा विचारले, तर उत्तर फलकावर असेल.

जय भीम!