उन्हाळी परसबाग : माघ-फाल्गुनातील कामे

मकरसंक्रांत उलटली, थंडीचा कडाका ओसरू लागला, की उन्हाळी भाजीपाल्याच्या लागवडीचा काळ सुरू होतो. रब्बीची पिके या वेळी शेतात उभी असतात व शेतकऱ्याचे सारे लक्ष काढणी-मळणीकडे लागलेले असते. त्यामुळे घरामागील चार हात जमिनीची आठवण पुष्कळदा फाल्गुन संपल्यावर होते. तोवर वेळ निघून गेलेली असते. चैत्र-वैशाखात आठवड्याच्या बाजारात हिरवी भाजी कमी येते, तिचा भाव चढतो आणि अनेक घरांतून जेवणात केवळ पिठले, आमटी व चटणी उरते. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना लोह आणि 'अ' जीवनसत्त्व पुरविणारी पालेभाजी नेमकी याच काळात ताटातून नाहीशी होते. ही उणीव भरून काढण्याचे काम परसबाग करू शकते. मात्र तिची आखणी माघातच झाली पाहिजे.

आधी पाणी मोजावे, मग जमीन

उन्हाळी परसबाग फसण्याची कारणे पाहिली तर बियाणे व खत यांपेक्षा पाण्याचा चुकलेला हिशेब अधिक वेळा आढळतो. देशावरील भागात ऐन उन्हाळ्यात वाढलेल्या भाजीपाल्यास दर चौरस मीटरला दररोज सुमारे ५ ते ७ लिटर पाणी लागते. माघात ऊन कोवळे व रोपे लहान असल्यामुळे तेवढेच पाणी दुप्पट क्षेत्रास पुरेल असे वाटते. त्या भरवशावर वाफे वाढविले जातात आणि फुलोऱ्याच्या वेळी सगळीच झाडे तहानेली राहतात.

म्हणून प्रथम घरात दररोज किती पाणी पुन्हा वापरण्याजोगे निघते ते मोजावे. भाजी व धान्य धुण्याचे, भांडी विसळण्याचे आणि आंघोळीचे पाणी मिळून सहा हंडे निघत असेल, तर १५ लिटरच्या हंड्याने ते ९० लिटर झाले. या आकड्यास ६ ने भागले असता १५ येतात. म्हणजे त्या घराने १५ चौरस मीटर, अर्थात ५ मीटर लांब व ३ मीटर रुंद, एवढीच बाग करावी. एका गुंठ्याचा हा सातवा हिस्सा आहे. क्षेत्र लहान दिसले तरी ते वैशाखापर्यंत हिरवे राहील. ज्या गावी स्त्रियांना डोक्यावरून पाणी आणावे लागते, तेथे तर परसबागेसाठी एकही जादा हंडा वाहावा लागू नये, हा नियमच समजावा.

सांडपाणी वापरताना भेद करावा. भांडी विसळलेले साधे पाणी कोणत्याही भाजीस चालते. कपडे धुण्याच्या सोड्याचे व साबणाच्या भुकटीचे पाणी मात्र सतत एकाच जागी सोडू नये. त्यातील क्षारांमुळे जमीन, विशेषतः काळी जमीन, चोपण होऊन कठीण बनते. असे पाणी केळी, कर्दळ यांच्या आळ्यांत आलटून पालटून सोडावे. काकडी, कोथिंबीर यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांवर कोणतेही सांडपाणी शिंपडू नये. तसेच मोरीजवळ डबके साचू देऊ नये, कारण त्यात डासांची पैदास होते.

जमिनीची तयारी

दिवसातून निदान पाच ते सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. जमीन एक वीत खोल खणून दगड, काचा व हरळीच्या काशा वेचून काढाव्यात आणि ती आठ दिवस उन्हात तापू द्यावी. नंतर दर चौरस मीटरला २ ते ३ किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. ताजे शेण घालू नये. त्याने वाळवी व हुमणी यांना आमंत्रण मिळते.

वेलवर्गीय भाज्यांसाठी कुंपणाच्या कडेने ४५ सेंटिमीटर लांब, रुंद व तेवढेच खोल खड्डे घ्यावेत. त्यांत दोन घमेली शेणखत व वरची सुपीक माती भरून आळी करावीत. पावसाळ्यात वाफे उंच ठेवतात, तर उन्हाळ्यात ते जमिनीच्या पातळीपेक्षा थोडे खोल ठेवावेत. त्यामुळे दिलेले पाणी बाहेर वाहून जात नाही.

काय व किती लावावे

वर सांगितलेल्या १५ चौरस मीटरच्या बागेची आखणी पुढीलप्रमाणे करता येईल.

पालेभाज्या : ३ चौरस मीटरचा एक वाफा करून त्याचे तीन भाग पाडावेत. तांदुळजा, माठ किंवा राजगिरा यांचे बी पहिल्या भागात आज, दुसऱ्यात दहा दिवसांनी व तिसऱ्यात आणखी दहा दिवसांनी पेरावे. भाजी २५ ते ३० दिवसांत काढणीस येते. रिकाम्या झालेल्या भागात लगेच पुन्हा पेरणी केल्यास भाजीत खंड पडत नाही. बी बारीक असल्याने ते वाळूत मिसळून फेकावे. मेथी व पालक ही थंडीची पिके असल्याने कडक उन्हात ती नीट येत नाहीत.

भेंडी व गवार : प्रत्येकी ३ मीटर लांबीच्या दोन-दोन ओळी पुरेत. दोन ओळींत ४५ व दोन झाडांत २० सेंटिमीटर अंतर ठेवावे. बी रात्रभर भिजवून २ ते ३ सेंटिमीटर खोल टोकावे. माघाच्या उत्तरार्धात लावलेली भेंडी सुमारे ४५ ते ५० दिवसांत, म्हणजे चैत्रात, तोडणीस येते. गवारीसाठी 'पुसा नवबहार' हा वाण प्रसिद्ध आहे.

वेल : उरलेल्या जागेत चार आळी करून काकडी, दोडका, कारले व दुधी भोपळा यांचे प्रत्येकी एक आळे ठेवावे. प्रत्येक आळ्यात तीन ते चार बिया लावून पुढे दोन जोमदार रोपे राखावीत. कारल्याच्या बियांचे कवच टणक असते, म्हणून त्या दिवसभर कोमट पाण्यात भिजवून ओल्या फडक्यात बांधून ठेवाव्यात व मोड दिसताच लावाव्यात. थंडी पुरेशी ओसरण्यापूर्वी लावल्यास वेलवर्गीय बियांची उगवण रखडते. वेल मांडवावर किंवा कुंपणावर चढवावेत.

मिरची व वांगी : आळ्यांच्या मधल्या जागेत प्रत्येकी तीन-चार रोपे बसतात.

संकरित वाणाचे बी घरी धरल्यास पुढील पिकात मूळ गुण टिकत नाहीत. सुधारित व गावठी वाणांचे बी मात्र निरोगी झाडाची दोन-तीन फळे पक्व होऊ देऊन राखता येते. दुकानातील रंग लावलेल्या बियांवर औषध असते; त्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

ओल टिकविणे

पाणी सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर, पानांवर न ओतता मुळांशी द्यावे. फाल्गुनात झाडांचा पाला मोठ्या प्रमाणावर गळतो. तो न जाळता रोपांच्या भोवती ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. या आच्छादनाने जमीन तापत नाही, बाष्पीभवन घटते व तणही कमी उगवते. खोड मात्र मोकळे ठेवावे.

वेलांसाठी मातीचा माठ उपयोगी पडतो. त्याच्या बुडास लहान भोक पाडून त्यात सुती चिंधीची वात घट्ट बसवावी आणि माठ आळ्यात गळ्यापर्यंत पुरावा. माठात पाणी भरून तोंड झाकावे. पाणी हळूहळू झिरपून थेट मुळांना मिळते.

फुले, कीड व रोग

वेलावर प्रथम येणारी बरीचशी फुले नर असतात व ती गळून पडतात. त्यामुळे काळजी करू नये. मादी फुलाच्या मागे इवलेसे फळ दिसते. मधमाश्या कमी असल्यास नर फुल तोडून त्याचे पराग मादी फुलास हलकेच लावावेत. काकडी व कारल्याची फुले सकाळी, तर दोडका व दुधी यांची सायंकाळी उमलतात. त्याप्रमाणे वेळ साधावी.

वेलांच्या कोवळ्या रोपांवर तांबडे भुंगेरे येतात. सकाळी ते सुस्त असताना वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. फळमाशीने डंख केलेली वाकडी, सडकी फळे बांधावर न फेकता निदान दोन फूट खोल पुरावीत. एरव्ही त्यांतील अळ्यांपासून नव्या माश्या तयार होतात. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्यास तो केवडा रोग होय. पांढरी माशी त्याचा प्रसार करते व रोगट झाड बरे होत नाही, म्हणून ते लगेच उपटून नष्ट करावे.

मावा व पांढरी माशी यांसाठी निंबोळी अर्क वापरावा. ५० ग्रॅम निंबोळी चूर्ण फडक्यात बांधून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवावे, पुरचुंडी चांगली पिळून अर्क गाळावा, त्यात थोडा साबण मिसळून त्याच दिवशी सायंकाळी फवारावा. घरच्या भाजीवर शेतातील कीटकनाशके फवारू नयेत, कारण ही भाजी रोज तोडली व लगेच खाल्ली जाते.

कार्यकर्त्यांसाठी सूचना

परसबागेचे काम बहुधा घरातील स्त्रिया पाहतात, तेव्हा माहिती केवळ पुरुषांस चावडीवर देऊन भागत नाही. गृहिणीशी बोलून पाणी किती उरते, ते कोठून वाहते, शेळ्या-कोंबड्यांपासून राखण कशी होईल व घरात कोणती भाजी खाल्ली जाते, या चार गोष्टी प्रथम समजून घ्याव्यात आणि मगच बियाणे द्यावे. पन्नास घरी बियाण्याच्या पुड्या वाटण्यापेक्षा दहा घरी माघ, फाल्गुन व चैत्र अशा तीन भेटी देणे अधिक फलदायी ठरते. ज्या घरी वैशाखातही ताजी भाजी तोडली जाईल, ते घर शेजाऱ्यांना आपोआप शिकवील.