आवाज कुणाचा?

मे २०२५ मधली दुपार होती. मी कैऱ्या किसत बसले होते आणि गल्लीतून भोंगा लावलेली रिक्षा चालली होती. आमच्या मुकुंदवाडीत अशा रिक्षा दिवसातून पाच-सहा तरी जातात. कधी साड्यांचा सेल, कधी क्लासचे प्रवेश, कधी सप्ताहाचं निमंत्रण. कोण लक्ष देतं? पण ओट्यावर बसलेल्या सासूबाई उठून आत आल्या. आधी माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

“अगं, तू तर इथं बसलीस. मग भाईर कोण बोलायलंय?”

मी कान दिला आणि हातातली किसणी हातातच राहिली. बाहेर मी बोलत होते! गुडघेदुखीवरचं तेल विकत होते. ‘जिना चढताना त्रास होतो ना?’ अगदी माझा आवाज, माझी लकब, शेवटच्या ‘ना’ला मी देते तसाच हेलकावा. “सर्दी झाली होती का गं तेव्हा?” एवढंच सासूबाईंनी विचारलं. कारण ती बाहेरची मी जराशी नाकातून बोलत होते.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. हातात तेलाच्या दोन बाटल्या. ११०० रुपये मोजले होते. “तू सांगितलंस म्हणून घेतलं हो, नाहीतर मी कशाला भोंग्यावरचं घेतेय?”

मी ती जाहिरात केलेलीच नव्हती. पण हे काकूंना पटवायचं कसं? त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

मैत्रिणींनो, मी व्हॉइसओव्हर करते. म्हणजे जाहिरातीत, माहितीपटात, बँकेच्या फोनवर ‘मराठीसाठी अमुक दाबा’ म्हणताना जो आवाज ऐकू येतो आणि ज्याचा चेहरा कधी दिसत नाही, ते काम. तेलाचं पुढे काय झालं ते सांगतेच. पण आधी या कामाविषयी थोडं. कारण लग्नकार्यात, भिशीत, हळदीकुंकवाला मला हमखास विचारलं जातं, “घरी बसून आवाजाचं काम मिळतं म्हणे. खरं का?”

माझं माहेर कन्नड तालुक्यातलं. वडील सकाळी दाढी करताना रेडिओ लावायचे आणि बातम्या देणाऱ्या बाईंची नक्कल मी चुलीपुढे बसून करायची. आमच्या शहराचं रेडिओशी नातं तसं जुनं. निजामाच्या राज्यात तेव्हाच्या औरंगाबादला रेडिओ केंद्र होतं आणि १९५० मध्ये ते आकाशवाणीकडे आलं. आज जालना रोडवर आकाशवाणी चौक म्हटलं की कुठलाही रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. शिकायला शहरात आले, कॉलेजच्या एकांकिकांत नाचले-ओरडले. ‘अरे, आवाज कुणाचा?’ अशी आरोळी स्पर्धेच्या दारात ठोकायची आमची पद्धत. त्या प्रश्नाचं उत्तर पुढे इतकं अवघड होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

लग्नानंतर आकाशवाणीची आवाजाची चाचणी दिली. पहिल्या वेळी नापास झाले, आणि बरोबरच झाले. मी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत होते आणि ‘बाजारात’ला ‘बाजारामदी’. लिहिताना चुकत नव्हते, बोलताना चुकत होते. मग सहा महिने घरातलं हाती येईल ते मोठ्यानं वाचलं. वर्तमानपत्र, पंचांग, औषधाच्या बाटलीवरची सूचना, सगळं. नवरा म्हणायचा, “आता लाइट बिल तरी मनात वाच!”

मराठी उच्चारांची खरी गंमत ‘च’ आणि ‘ज’मध्ये आहे. ‘चमचा’ म्हणताना जीभ दातांमागे लागते, ‘चिमणी’ म्हणताना टाळूला. ‘जग’ आणि ‘जीव’ यांतला ‘ज’ वेगळा. लिहायला अक्षर एकच, बोलायला दोन. आपण हे आईच्या कडेवर शिकतो म्हणून लक्षात येत नाही. हिंदीत ‘चम्मच’मधला ‘च’ टाळूचाच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या वेळी पास झाले. आकाशवाणीचे नैमित्तिक उद्घोषक असतात ना, त्यांच्यासाठी लेखी परीक्षा आणि आवाजाची चाचणी असते. त्यानंतर ‘वाणी’ नावाचं प्रशिक्षण. महिन्यातून फार तर सहा ड्युट्या, म्हणजे त्यावर घर चालत नाही. पण घड्याळाकडे बघत बोलायची आणि चुकलं तर न गडबडता सावरायची जी शिस्त तिथं लागते, ती दुसरीकडे पैसे देऊनही मिळत नाही. नभोनाट्यासाठी वेगळी चाचणी असते आणि त्यात कलाकारांना श्रेणी देतात. ज्या गावाजवळ आकाशवाणीचं केंद्र आहे तिथल्या मैत्रिणींनी या जाहिरातींवर डोळा ठेवावा. आमच्या विद्यापीठात नाट्यशास्त्राचा आणि पत्रकारितेचा विभाग आहे, एमजीएमचं सामुदायिक रेडिओ केंद्रही आहे. अशा ठिकाणी आधी नुसतं जाऊन बसा, ऐका.

आणि शिक्षण कमी आहे म्हणून मागे राहू नका. सातारा जिल्ह्यात म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ मध्ये सुरू झालं. तिथं केराबाई सरगर या शाळेत न गेलेल्या आजींनी लोकगीतं म्हणत कार्यक्रम केले आणि सगळा माणदेश त्यांना ओळखायला लागला. माझ्या ज्या ‘गावाकडच्या’ आवाजानं मला पहिल्या चाचणीत पाडलं, त्यानंच पुढे मला सगळ्यात जास्त काम दिलं. आमच्या शेजारी जालना, बियाण्यांच्या कंपन्यांचं गाव. कापसाच्या बियाण्याची माहिती शेतकऱ्याला सांगायची तर पुणेरी ताईंपेक्षा आमच्या बोलीतली वहिनी बरी पडते! मात्र त्यासाठी दोन्ही यायला हवं. प्रमाण मराठीही आणि आपलीही. हवी तेव्हा हवी ती.

आता ‘घरी बसून’चं. माझा स्टुडिओ म्हणजे बेडरूममधलं लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या मधली जागा. तीन बाजूंनी गोधड्या टांगल्यात. आजेसासूबाईंच्या हातच्या आहेत, त्यांच्याइतका आवाज दुसरं काही शोषत नाही. एक साधा यूएसबी माइक, कानाला हेडफोन, जुना लॅपटॉप आणि फुकट मिळणारं ‘ऑडॅसिटी’ सॉफ्टवेअर. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर लावायचा नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. नळाला पाणी येण्याच्या दिवशी काम घेतच नाही, कारण गल्लीभर मोटारी सुरू असतात. मे महिन्यात पंखा बंद करून त्या गोधड्यांत अर्धा तास उभं राहून ‘थंडगार’ शब्द हसऱ्या आवाजात म्हणून बघा, म्हणजे कळेल पैसे कशाचे मिळतात ते!

सुरुवातीला औरंगपुऱ्यातल्या एका छोट्या स्टुडिओत निवडणुकीच्या प्रचाराची ध्वनिफीत करायचे. पहिल्या कामाचे पाचशे मिळाले. मग माहितीपट, शाळांचे धडे, श्राव्य पुस्तकं. २०१७ मध्ये ‘स्टोरीटेल’ भारतात आलं आणि मराठी पुस्तकं ऐकण्याची सवय वाढली, त्याचा आमच्यासारख्यांना फायदा झाला. डबिंगचं मोठं काम मात्र अजून मुंबईतच. ‘पुष्पा’च्या हिंदी आवृत्तीत श्रेयस तळपदेंचा आवाज २०२१ मध्ये गाजला, तेव्हा कुठे लोकांना कळलं की पडद्यामागे असंही कोणी असतं.

तसं आपल्याकडे नुसत्या आवाजावर घराघरांत पोचलेल्या बायका कमी नाहीत. मुंबई आकाशवाणीच्या ‘पुन्हा प्रपंच’मधल्या मीनावहिनी, म्हणजे नीलम प्रभू, माझ्या आजीला सख्ख्या नात्यातल्या वाटायच्या. आणि ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’? तो आवाज सरला चौधरींचा. १९८२ मध्ये त्या मध्य रेल्वेत उद्घोषक म्हणून लागल्या. पुढे त्या रेल्वेतल्याच दुसऱ्या विभागात गेल्या, पण आवाज फलाटांवर वाजतच राहिला. लहानपणी मला याचं केवढं कौतुक वाटायचं. बाई घरी आणि आवाज स्टेशनवर! आता मात्र विचार येतो, बाईला न विचारता तो आवाज कुणी भलतीकडे नेला तर?

माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं, आणि दार मीच उघडून दिलं होतं. २०२४ च्या दिवाळीच्या आसपास एक मेल आला. मोठ्या कामासाठी मराठी स्त्रीचा आवाज हवा, नमुना म्हणून सोबतची वाक्यं वाचून पाठवा. मी वाक्यं बघितली. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. एक रागाचं, एक प्रश्नाचं, एक नुसते आकडे, एक गावांची नावं. चाळीस मिनिटांचं वाचन! एरवी कुणी नमुना मागितला तर मी मिनिटभराचा देते. पण काम मोठं होतं, मुलीची फी भरायची होती, म्हटलं जाऊ दे. दोन दुपारी त्या गोधड्यांत घालवल्या. पाठवून दिलं. मग ना उत्तर, ना पैसे. मी विसरूनही गेले.

रिक्षावाल्या दादांना दुसऱ्या दिवशी गाठलं. भला माणूस. त्यानं पेन ड्राइव्ह काढून दाखवला, “मला काय माहीत ताई, शेठनी दिलं, मी लावलं.” शेठनी ते बाहेरगावच्या कुणाकडून तरी स्वस्तात बनवून घेतलेलं. घरी येऊन मी ती फाइल हेडफोन लावून दहादा ऐकली. आपलाच आवाज, पण आपण न बोललेला. अंगावर काटा येतो हो! सातव्या-आठव्या खेपेला मला ते सापडलं. ‘दोन चमचे तेल कोमट करून’ असं वाक्य होतं, आणि त्यातल्या ‘चमचे’चा ‘च’ टाळूला लागलेला होता. हिंदीतला ‘च’! कन्नड तालुक्यात वाढलेली कुठलीही बाई तापानं फणफणलेली असली तरी ‘चमचे’ तसं म्हणणार नाही. दुसरी गोष्ट, एवढ्या लांब जाहिरातीत मी श्वासच घेतला नव्हता.

यंत्रानं माझा आवाज शिकून घेतला होता. तुटक वाक्यं, आकडे, प्रश्न हे सगळं त्यासाठीच होतं, हे मला तेव्हा उमगलं. सगळाच आवाज त्या चाळीस मिनिटांतून बनला असं मी कोर्टात सिद्ध करू शकेन का, हे मात्र माझ्या वकील मैत्रिणीनंही छातीठोक सांगितलं नाही.

तिनं दोन-तीन गोष्टी समजावल्या, त्या तुम्हालाही सांगते. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात कला सादर करणाऱ्याला स्वतःच्या सादरीकरणावर वेगळा हक्क दिलाय आणि २०१२ च्या दुरुस्तीनं तो आणखी बळकट झाला. गायक अरिजित सिंग यांचा आवाज त्यांच्या परवानगीशिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेनं बनवून वापरायला मुंबई उच्च न्यायालयानं जुलै २०२४ मध्ये मनाई केली. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या बाजूनंही तसाच अंतरिम आदेश झाला. तो वाचून मी मैत्रिणीला फोन केला, “आशाताईंचा आवाज तर सगळं जग ओळखतं. माझा मुकुंदवाडी ओळखते, तेवढ्यावर चालेल का?” ती हसली, पण लगेच हो म्हणाली नाही.

जगभर हाच घोर लागलाय. अमेरिकेत व्हिडिओ गेमला आवाज देणाऱ्या कलाकारांनी याच प्रश्नावर जुलै २०२४ पासून जवळजवळ वर्षभर संप केला. आपल्याकडेही मुंबईत ‘असोसिएशन ऑफ व्हॉइस आर्टिस्ट्स ऑफ इंडिया’ ही संघटना आहे. एकटीदुकटीनं भांडण्यापेक्षा अशा ठिकाणी विचारावं.

मी स्वतः आता काय करते? नमुना मिनिटभराचा, तोही मी निवडलेल्या मजकुराचा, मागे हलकं संगीत घालून, म्हणजे यंत्राला शिकायला कठीण पडतं. काम घेण्याआधी व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून घेते. आवाज कुठे वाजणार, किती दिवस, मजकुरात बदल झाला तर पुन्हा किती पैसे. आणि एक ओळ कायमची, ‘या ध्वनिमुद्रणातून कृत्रिम आवाज तयार करता येणार नाही.’ ही ओळ बघून दोन गिऱ्हाइकं गेली. त्यातलं एक चांगलं होतं, वाईट वाटलं. निम्मे पैसे आधी घेते. आणि ‘नाव नोंदवायला इतके भरा, मग काम देऊ’ म्हणणारे जे असतात त्यांना सरळ नमस्कार! आपण आवाज देतो, पैसे त्यांनी द्यायचे असतात.

तेलाच्या बाबतीत मी सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार केली, शेठला मैत्रिणीच्या सहीची नोटीस धाडली. शेठ घाबरले, रिक्षा थांबली. मेल पाठवणाऱ्यांचा पत्ता मात्र आजतागायत लागलेला नाही. फाइल कुठेतरी आहेच. परवा परभणीहून नणंदेचा फोन आला, “वहिनी, तुम्ही सोलर पंपाची जाहिरात केली का?” मी म्हटलं, “चमचा शब्द आहे का त्यात?” तिला काही कळेना.

काकूंना मी अकराशे रुपये देऊ केले. त्यांनी घेतले नाहीत, उलट रागावल्या. एक बाटली तेवढी माझ्याकडे ठेवून गेल्या. गुडघ्यांना काही ती लागू पडली नाही. सासूबाईंनी मग ते तेल बेडरूमच्या दाराच्या बिजागरीला घातलं. दार करकरायचं थांबलंय, रेकॉर्डिंगला बरं पडतं.