भवरलाल जैन कोण होते? पपईच्या चिकापासून गांधी तीर्थापर्यंतचा प्रवास

जैन इरिगेशन म्हटलं की शेतातल्या ठिबकच्या काळ्या नळ्या डोळ्यांसमोर येतात. पण जळगावच्या भवरलाल जैन यांनी आधी घेतलेला कारखाना नळ्यांचा नव्हताच. तो होता केळीच्या पावडरीचा.

भवरलालजींचा जन्म १२ डिसेंबर १९३७ चा, जळगाव जिल्ह्यातल्या वाकोदचा. वाणिज्य आणि कायद्याचं शिक्षण झाल्यावर उपजिल्हाधिकारी होण्याची संधी होती. ती सोडून १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या बचतीवर त्यांनी रॉकेलचा धंदा सुरू केला. पुढे खतं, बियाणं, ट्रॅक्टरच्या एजन्सी आल्या.

१९७८ मध्ये त्यांनी केळी पावडरचा जुना कारखाना ३० लाखांना घेतला. हाताशी होते जेमतेम दोन लाख! मग तिथे केळीऐवजी पपईवर काम सुरू झालं. कच्च्या पपईला चिरा पाडल्या की पांढरा चीक गळतो. तो वाळवून शुद्ध केला की ‘पपेन’ मिळतं. पपेन प्रथिनं तोडतं, म्हणून ते पचनाच्या औषधांत, मांस मऊ करायला आणि बिअर गढूळ होऊ नये म्हणून वापरतात. (मटण लवकर शिजावं म्हणून आपल्याकडे कच्च्या पपईचा तुकडा टाकतात, त्यामागचं कारणही हेच.) जळगावचं पपेन परदेशात जाऊ लागलं. पीव्हीसी पाइप आणि ठिबक त्यानंतरचं.

अन्नप्रक्रिया मात्र सुटली नाही. आंब्याचा गर आणि सुकवलेला कांदा ही कंपनीची मोठी उत्पादनं ठरली. कांद्यात बहुतांश पाणीच असतं. ते काढलं की कांदा कित्येक महिने टिकतो. यासाठी पांढऱ्या कांद्याची करार शेती सुरू झाली. त्यात किमान भाव आधीच ठरतो आणि बाजार त्याखाली गेला तरी शेतकऱ्याला तो मिळतो. भाव पडला म्हणून कांदा रस्त्यावर ओतणारे शेतकरी ज्यांनी पाहिलेत, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

सगळंच सरळ झालं असं नाही. नव्वदच्या दशकात वित्त आणि माहिती तंत्रज्ञानात घातलेला हात पोळला. त्यांच्या पश्चात, २०१९ च्या सुमारास, कंपनी पुन्हा कर्जाच्या ओझ्याखाली अडचणीत आली.

२००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचं निधन झालं. जळगावात लोक त्यांना आजही ‘मोठे भाऊ’ म्हणतात. जैन हिल्सवर त्यांनी उभारलेलं गांधी तीर्थ मार्च २०१२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते खुलं झालं. तिथे गांधीजींच्या जीवनावरचं संग्रहालय आणि अभ्यासकांसाठी ग्रंथालय आहे. शिवाय दारिद्र्यरेषेखालच्या घरांतल्या मुलांसाठी त्यांनी जळगावात इंग्रजी माध्यमाची ‘अनुभूती’ शाळाही सुरू केली.