डफाविना वीरकथा

गोव्यातलं शिरगाव म्हटलं की लईराई देवी. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेला रंगीत गोंड्यांचा वेत घेतलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात, ते बघायला गोव्यातून आणि सिंधुदुर्गातून माणसं लोटतात. पण या डिचोली भागातली लढाईची आठवण बघायची तर यावं फाल्गुनात, शिगम्याला. तेव्हा घोडेमोडणी निघते.

बांबूच्या सांगाड्याचा घोडा कमरेला बांधलेला, पुढे लाकडी मुंडकं, डोक्याला फेटा, उजव्या हातात उगारलेली तलवार. ढोल, ताशा आणि कांसाळ्यांवर हे स्वार कधी दुडक्या चालीत पुढे सरतात, कधी मागे हटून पुन्हा चालून जातात. पोर्तुगीजांवर राण्यांनी मिळवलेल्या विजयाचा हा नाच, असं सांगतात. राणे शेजारच्या सत्तरीचे. १८५२ साली दीपाजी राण्याने नाणूसचा किल्ला घेतला. पुढे १८९५ मध्ये दादा राणे उठले.

घाटावर अशी लढाई शाहिराच्या हाती पडते. एका हातात डफ, मागे तुणतुणं आणि झांज, कडव्याच्या शेवटी झीलकऱ्यांनी ओढलेली ‘जी जी’. शाहीर मध्येच थांबून साध्या बोलीत प्रसंग सांगतो आणि श्रोते सावरून बसले की पुन्हा चाल धरतो. अज्ञानदासाने अफझलखानाचा वध गायला, तुळशीदासाने सिंहगड. तुळशीदासाच्या पोवाड्यात नुसती मर्दुमकी नाही, रायबाचं लग्न आहे, घोरपडही आहे. असे पोवाडे गोंधळ्यांच्या तोंडून उतरवून घेऊन अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली छापले.

पोवाड्याला पोशिंदा लागतो. अज्ञानदासाला जिजाऊंनी बोलावलं, अशी परंपरा आहे. इकडे डिचोली १७८०च्या दशकात सावंतवाडीकरांकडून पोर्तुगीजांकडे गेली. पुढे परक्या राज्यात राण्यांच्या बंडाचे गोडवे गाणाऱ्याला शेला-पागोटं कोण देणार? नाचाला मात्र देवाच्या उत्सवाचा आडोसा मिळतो. गाणाऱ्याला नावं घ्यावी लागतात, नाचणाऱ्याला नाही. घोडेमोडणी टिकली त्यामागे हेही एक कारण असावं, असं मला वाटतं.

त्याची किंमतही आहे. तलवार उगारली हे नाचातून कळतं, पण पडलेला कोण, फितूर कोण आणि दीपाजीने १८५५ मध्ये सरकारशी तह का केला, हे कळत नाही. दीपाजीवर कुणी पोवाडा बांधायला घेतला, तर त्याने नाणूसपाशी थांबू नये. तहाचा चौकही बांधावा.