कोरियातील राज्यकर्ते, जनतेचा अविश्वास आणि गूढ पंथ

दक्षिण कोरियातील गूढ पंथांविषयी आपल्याकडे जेव्हा बोलले जाते, तेव्हा एक गोष्ट बहुधा गृहीत धरलेली असते. ती ही की, असे पंथ अज्ञानाच्या अंधारात वाढतात. कोरियाचा इतिहास या समजुतीस आधार देत नाही. उच्च शिक्षणात हा देश जगातील अग्रगण्य राष्ट्रांत मोडतो, आणि त्याच्या राजधानीत जगातील काही अतिविशाल ख्रिस्ती मंडळ्या उपासनेस जमतात. तरीही तेथे पंथ फोफावले व थेट राष्ट्राध्यक्षांच्या निवासापर्यंत पोहोचले. याचे एक मोठे कारण, आमच्या मते, जनतेचा अधिकारवाणीवरील विश्वास वारंवार मोडला हे होय.

हा विश्वास कसा मोडला, हे दोन प्रसंगांवरून ध्यानी येईल. जून १९५० मध्ये उत्तरेकडील सैन्य सोलच्या वेशीशी आले असता राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांचे भाषण आकाशवाणीवरून ऐकविण्यात आले. नागरिकांनी निश्चिंत राहावे, असा त्याचा आशय होता. प्रत्यक्षात री नगर सोडून गेले होते, आणि २८ जूनच्या पहाटे, लोक पलीकडे जात असतानाच, हान नदीवरील पूल सरकारच्याच आज्ञेने उडविण्यात आला. पुढे सोल परत हाती आल्यावर जे मागे राहिले होते, म्हणजे ज्यांनी सरकारच्या शब्दावर विसंबून नगर सोडले नव्हते, त्यांचीच शत्रूचे साथीदार म्हणून चौकशी झाली! री हे मेथडिस्ट ख्रिस्ती होते, हेही येथे नमूद करणे भाग आहे.

दुसरा प्रसंग १६ एप्रिल २०१४ चा. इंचोनहून जेजू बेटाकडे निघालेली सेवोल ही प्रवासी नौका कलंडली. तिच्यावर ४७६ माणसे होती. त्यांत अनसान येथील एका विद्यालयाचे सहलीस निघालेले विद्यार्थी बहुसंख्य होते. जागेवरच थांबा, हलू नका, अशी सूचना नौकेच्या ध्वनिक्षेपकावरून पुनःपुन्हा देण्यात आली. मुले थांबली, कप्तान मात्र लवकर आलेल्या बचाव-बोटीत उतरून निघून गेला. ३०४ जण प्राणास मुकले. त्यांपैकी २५० विद्यार्थी होते. त्याच सकाळी सर्व विद्यार्थी वाचल्याचे खोटे वृत्तही प्रसृत झाले. आज्ञाधारक मुले बुडाली, ही गोष्ट कोरियन मातापित्यांच्या मनातून अद्याप गेलेली नाही. पुष्कळांना तेव्हा हान नदीवरील पुलाची आठवण झाली.

या दोहोंच्या मधल्या काळात राष्ट्राध्यक्षांची जी गत झाली तिचा विस्तार करीत नाही. री १९६० मध्ये परागंदा झाले. पार्क चुंग-ही १९७९ मध्ये आपल्याच गुप्तचर-प्रमुखाच्या गोळीस बळी पडले. चुन डू-ह्वान व रोह ते-वू यांना १९९६ मध्ये शिक्षा झाल्या. पुढे ली म्युंग-बाक हेही तुरुंगात गेले, आणि ते तर प्रेस्बिटेरियन मंडळीचे वडील होते.

आता पंथांकडे वळू. सेवोलच्या कंपनीची सूत्रे यू ब्युंग-उन यांच्या कुटुंबाकडे असल्याचे तपासात उघड झाले. हे गृहस्थ ‘तारण-पंथ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका संप्रदायाच्या संस्थापकांपैकी एक होते. तारणाची एकदा जाणीव झाली की पुढे नित्य पश्चात्तापाची गरज उरत नाही, अशी त्यांची शिकवण असल्याचा आक्षेप अन्य मंडळ्यांनी घेतला होता. यू फरारी झाले. अनुयायांनी आश्रमाच्या दारी ठाण मांडून पोलिसांना अडविले. जूनमध्ये सुनचोनजवळच्या एका बागेत एक प्रेत सापडले. ते यूंचेच होते, हे समजण्यास सुमारे चाळीस दिवस लागले. सरकारने तसे जाहीर केल्यावरही अनेकांनी ते खरे मानले नाही.

याहून दूरवर परिणाम करणारी कथा चोई ते-मिन यांची. १५ ऑगस्ट १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्यावर झाडलेली गोळी लागून त्यांच्या पत्नीचा अंत झाला. कन्या पार्क ग्यून-हे तेव्हा बावीस वर्षांची होती. फ्रान्समधील शिक्षण सोडून ती परतली व मातेच्या जागी उभी राहिली. अशा वेळी तिला चोई यांचे पत्र आले. तुझी आई मला दर्शन देते, असा त्याचा मथितार्थ असल्याचे सांगितले जाते. चोई यांनी बौद्ध, ख्रिस्ती व कोरियाचा स्वदेशी छोंदोग्यो धर्म यांची सरमिसळ करून एक पंथ काढला होता; पुढे ते स्वतःस ‘पाळक’ म्हणवू लागले. १९७५ मध्ये त्यांनी राष्ट्रोद्धाराच्या नावाने एक प्रेषितकार्य-संघटना उभारली, आणि राजकन्येचा वरदहस्त पाहून खरेखुरे दीक्षित पाळकही तीत सामील झाले.

वाचकांस येथे शौलाचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही (१ शमुवेल २८). भूतविद्या जाणणाऱ्यांना देशातून घालविणारा राजा स्वतःच वेष पालटून रात्री एन-दोरास गेला. तथापि शौल भयाने गेला होता, आणि ही मुलगी शोकाने. तिच्या शोकाजवळ योग्य माणूस कोणी बसला असता तर काय झाले असते, हा विचार आम्हांस सोडीत नाही.

चोई १९९४ मध्ये वारले. त्यांची कन्या चोई सून-सिल हिच्याशी स्नेह टिकला. पार्क ग्यून-हे २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाल्या. कोणतेही पद नसलेली ही स्त्री त्यांची भाषणे तपासते, आणि तिच्याशी संबंधित दोन प्रतिष्ठानांना बड्या उद्योगसमूहांकडून ७७ अब्ज वॉनहून अधिक रक्कम मिळाली आहे, हे २०१६ मध्ये बाहेर आले. लक्षावधी लोक मेणबत्त्या घेऊन शनिवारमागून शनिवार रस्त्यावर उतरले. राष्ट्रसभेने ९ डिसेंबर रोजी २३४ विरुद्ध ५६ मतांनी महाभियोग संमत केला. संविधान न्यायालयाने १० मार्च २०१७ रोजी एकमताने त्यांना पदच्युत केले.

मात्र एक विवेक पाळला पाहिजे. सेवोल बुडाली त्या दिवशी पार्क कित्येक तास जनतेपुढे आल्या नाहीत. त्या वेळात त्यांच्या निवासात काही विधी चालू होता, अशी अफवा पसरली. त्यांनी ती नाकारली, आणि तिला पुरावा मिळाला नाही. न्यायालयाचा निर्णय पंथावर नव्हे, तर खाजगी व्यक्तीच्या लाभासाठी सत्तेचा दुरुपयोग केल्यावर आधारलेला होता. सत्य सांगणारे कोणी नसले की रिकाम्या तासांत लोक आपल्या मनचे भरतात; अविश्वासाचे हेही एक फळ आहे.

हा क्रम पुढेही थांबला नाही. युन सुक-योल यांच्या तळहातावर २०२१ च्या प्रचारात ‘राजा’ या अर्थाचे चिनी अक्षर दिसले. ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री त्यांनी लष्करी कायदा पुकारला, तो काही तासांतच १९० सदस्यांनी एकमुखाने रद्द ठरविला, आणि ४ एप्रिल २०२५ रोजी त्यांचेही पद गेले. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीस, व युनिफिकेशन चर्चच्या प्रमुख हान हाक-जा यांना, अटक झाली.

अशा पंथांना कोरियन भाषेत ‘साइबी’ म्हणतात. दिसते तसेच, पण तसे नाही, असा या शब्दाचा मूळ अर्थ. चांगल्या धर्मशिक्षणाशी असलेले साम्य हेच त्यांचे बळ होय. १९८४ मध्ये ली मान-ही यांनी स्थापिलेला शिनचोनजी पंथ पाहा. त्याचे नाव ‘नवे आकाश व नवी पृथ्वी’ यावरून घेतलेले आहे. तरुणाशी प्रथम मैत्री होते, मग विनामूल्य शास्त्राभ्यास सुरू होतो. तो महिनोन्‌महिने चालतो, परीक्षाही होतात. पंथाचे नाव मात्र बराच काळ सांगितले जात नाही. प्रकटीकरणातील दृष्टान्त मोहरबंद आहेत व ते उलगडणारा एकच मनुष्य आहे, हे हळूहळू मनात भरविले जाते, आणि १,४४,००० च्या गणनेत आपले नाव यावे म्हणून विद्यार्थी धडपडू लागतो. ‘कापणी करणारे’ म्हणून काही सभासद इतर मंडळ्यांत गुप्तपणे शिरतात. त्यामुळे अनेक मंडळ्यांच्या दारावर त्यांना प्रवेशबंदीचे फलक लागले आहेत. २०२० मध्ये देगू येथे महामारी पसरली तेव्हा या गुप्ततेची झळ साऱ्या देशास लागली. साथ-नियंत्रणात अडथळा आणल्याच्या आरोपातून न्यायालयाने ली यांना पुढे मुक्त केले, परंतु अपहाराबद्दल दोषी ठरविले.

फलक लावणे सोपे आहे. जो तरुण आठवड्यातून चार दिवस त्या वर्गात बसतो, त्याच्या प्रश्नांना आपल्या मंडळीत कोणी किती वेळ दिला होता?

कोरियन मंडळीपाशी याचे उत्तर नव्हते असे नाही. चोई यांच्या संघटनेत पाळक मिरवत होते त्याच काळात, १ मार्च १९७६ रोजी, सोलच्या म्योंगदोंग प्रधानमंदिरात लोकशाहीसाठी एक घोषणापत्र वाचले गेले. कॅथॉलिक धर्मगुरू व प्रॉटेस्टंट पुढारी त्यात एकत्र होते. आपल्याकडील ईश्वरविज्ञानाच्या अभ्यासकांना परिचित असलेले मिनजुंग-विचाराचे प्रवर्तक आन ब्युंग-मू व सुह नाम-दोंग हेही होते. त्यांना तुरुंगवास घडला. उघड्यावर उच्चारलेला आणि स्वतः किंमत मोजलेला असा तो शब्द होता.

सेवोलनंतर हे चित्र पालटलेले दिसले. सोलच्या एका मोठ्या मंडळीच्या व्यासपीठावरून, देवाने ही नौका बुडवून राष्ट्रास संधी दिली, अशा अर्थाचे उद्गार निघाले. काही शोकग्रस्त आईबापांनी त्यानंतर मंडळीत जाणे सोडले. अनसान येथील स्मरणस्थळी त्यांच्यासाठी वेगळी उपासना होऊ लागली. तेथे येणारे पाळक प्रवचन थोडके करीत आणि मुलांची नावे एकेक करून वाचली जात असताना उभे राहत.