सायकलीवर मधमाश्यांचा मुक्काम

(प्रतिनिधी)

कामावर जाण्याच्या घाईत सायकलीचे कुलूप काढायला जावे आणि आसनाखाली नारळाएवढा, तपकिरी, हलता घोस लोंबताना दिसावा, असा प्रसंग झाडे फुलोऱ्यावर असण्याच्या दिवसांत कोणावरही येऊ शकतो. पाहता पाहता वाहनतळात गर्दी जमते. कोणी बोळा पेटवा म्हणतो, कोणी फिनाईल आणतो, कोणी पाण्याची नळी ओढत येतो. सायकलीचा मालक मात्र घड्याळाकडे पाहत असतो. जमलेल्या सर्वांत त्याचाच प्रश्न खरा म्हणायचा : सायकल केव्हा मिळणार?

बहुधा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत. आणि तीही कोणी काही केले नाही तर. या उत्तराला एक महत्त्वाची अट आहे. ती माशी कोणती, हे आधी ओळखायला हवे.

सायकलीवर बसलेला थवा म्हणजे मधमाश्यांचे घर नव्हे, तो वाटेतला मुक्काम आहे. फुलोऱ्याच्या हंगामात मध आणि पराग मुबलक मिळू लागले की वसाहतीतील माश्यांची संख्या वाढते आणि पोळे अपुरे पडू लागते. मग कामकरी माश्या नवी राणी वाढवायला घेतात. जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्यांना बरोबर घेऊन बाहेर पडते. भरले घर मुलीला ठेवून आईनेच नव्या जागेच्या शोधात निघावे, तसा हा प्रकार आहे. निघण्यापूर्वी माश्या पोटभर मध पिऊन घेतात. राणीला दूरचे उड्डाण सोसत नाही, म्हणून थवा जवळच एखाद्या फांदीवर, कुंपणावर किंवा सायकलीच्या दांड्यावर टेकतो. राणी मध्यभागी असते आणि बाकीच्या माश्या एकमेकींना धरून तिच्याभोवती लोंबतात.

त्या घोसाच्या पृष्ठभागावर चाललेले काम मात्र थक्क करणारे असते. जर्मनीतील संशोधक मार्टिन लिंडाउअर यांना १९४९ मध्ये थव्यावर नाचणाऱ्या काही माश्या दिसल्या. त्यांच्या अंगावर परागाऐवजी काजळी आणि विटांची धूळ होती. या माश्या फुलांवरून नव्हे, तर धुराड्यांतून आणि भिंतींच्या भगदाडांतून, म्हणजे नव्या घराच्या जागा पाहून येत आहेत, हे त्यांनी ताडले. मधमाश्या नृत्यातून दिशा आणि अंतर सांगतात, हे त्यांचे गुरू कार्ल फॉन फ्रिश यांनी दाखवून दिले होते. फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे अमेरिकेतील थॉमस सीली यांनी या निवडीचा अधिक सखोल अभ्यास केला. टेहळणी करणाऱ्या माश्या आपापल्या जागेची शिफारस नाचून करतात. जागा जितकी चांगली, तितका नाच अधिक वेळ चालतो. एखाद्या जागी पुरेशा माश्या एकाच वेळी जमल्या की निर्णय झाला असे समजले जाते आणि सगळा थवा उडतो. म्हणजे सायकलीवर एक सभाच भरलेली असते. ती संपेपर्यंत थव्याला सायकलीशी काही देणेघेणे नसते.

या सभेत राखायला पिल्ले नसतात, मधाचा साठाही नसतो. म्हणून थवा सहसा शांत असतो, असे परदेशी पुस्तकांत छापलेले असते. पण ते युरोपीय मधमाशीबद्दल. आपल्याकडे हा सल्ला जसाच्या तसा घेणे धोक्याचे आहे, कारण महाराष्ट्रात एकाच जातीची मधमाशी नाही. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहणारी सातेरी तुलनेने शांत असते. लहान चणीची फुलोरी झुडपात तळहाताएवढे उघडे पोळे बांधते. तीही फारशी उपद्रवी नाही. युरोपीय जातीची मेलिफेरा मधपेट्यांतून पाळली जाते. चौथी आग्या. आकाराने सर्वांत मोठी, उंच झाडांवर, कड्यांवर आणि इमारतींच्या सज्जांखाली प्रचंड उघडे पोळे लावणारी आणि ऋतूनुसार दूरवर स्थलांतर करणारी. गडांवर आणि लेण्यांत पर्यटकांवर हल्ला झाल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेक हिच्याच. स्थलांतरात तिचे थवेही वाटेत विसावतात. घोस मोठा असेल आणि माश्या नेहमीच्या मधमाशीपेक्षा ठळकपणे लांब दिसत असतील, तर तो आग्याचा समजून परिसर रिकामा करावा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवावे. रात्री आग्या दिव्याकडे झेपावते, तेव्हा जवळचे दिवे बंद ठेवावेत.

दुरूनच आणखी एक गोष्ट पाहावी. माश्यांच्या मधून मेणाचे पोळे दिसते का? बरेच दिवस न हललेल्या सायकलीवर ते असणे अशक्य नाही. पोळे असेल तर तो मुक्काम राहिला नाही, घर झाले. आणि घर राखायला माश्या डंख मारतात. उपासमार किंवा मुंग्यांच्या त्रासाने पोळे सोडून आलेला थवाही चिडका असू शकतो.

सातेरीचा थवा असल्यास करायचे ते थोडकेच. सायकल हलवू नये, कुलूप काढू नये. दोरी बांधून मुलांना आणि कुत्र्यांना दूर ठेवावे. धूर, पाणी, कीटकनाशकाची फवारणी यांपैकी काहीही करू नये. फवाऱ्याने सगळा थवा एकाच वेळी मरत नाही. उरलेल्या माश्या बिथरतात आणि त्यांच्या तडाख्यात रस्त्यावरचा निरपराध माणूस सापडतो. एक माशी डसली की इतरांना बोलावणारा गंध सोडते. तो काहीसा पिकल्या केळ्यासारखा असतो. म्हणून डसलेल्या माशीला तिथेच चिरडू नये.

थांबणे शक्य नसेल तर अनुभवी मधपाळाला बोलवावे. पुण्यात खादी व ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तर राज्य खादी मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरला आहे. तेथे चौकशी करता येते. मधपाळ थव्याच्या वर पेटी किंवा टोपली धरतो आणि माश्यांना हळूहळू तिच्यात चढवतो. राणी आत गेली की बाकीच्या मागोमाग जातात. बाहेर फिरणाऱ्या परत याव्यात म्हणून पेटी संध्याकाळपर्यंत तिथेच ठेवतात. त्याला नको असलेला थवा नव्हे, चालती वसाहत मिळते.

माश्या अंगावर आल्याच तर हात झाडत उभे राहू नये. तोंड झाकून सरळ बंद खोलीत किंवा मोटारीत शिरावे. पाण्यात उडी मारणे व्यर्थ, कारण माश्या वर घिरट्या घालत राहतात. काटा नखाने किंवा बोटाने, जसा निघेल तसा, ताबडतोब काढावा; तो त्वचेत असेपर्यंत विष आत जात राहते. श्वास लागणे, ओठ किंवा जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, चक्कर येणे ही लक्षणे एकाच डंखानंतरही दिसू शकतात. तेव्हा घरगुती उपायांत वेळ न घालवता १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. अनेक डंख झालेल्या माणसाला, तो ठीक वाटत असला तरी, रुग्णालयात नेलेच पाहिजे. मूत्रपिंडांवरचा परिणाम उशिरा दिसतो.

थवा उडाल्यावर चार-दोन माश्या सायकलीभोवती घुटमळताना दिसतात. त्या बाहेर गेलेल्या आणि उशिरा परतलेल्या असतात. त्या निघून गेल्यावर आसन आणि दांडा साबणाच्या पाण्याने चांगला धुवावा, म्हणजे मागे राहिलेला गंध जाईल. दांड्याला पांढरट मेणाचे ठिपके चिकटलेले असतील, तर तेही खरवडून काढावेत.